निळ्या रांगेची भीती

१

बाटली जागेवर नव्हती.

मावशींनी कपाट बंद केलं, मनात दहापर्यंत आकडे मोजले आणि पुन्हा उघडलं. हल्ली त्यांना असं करावं लागे. गेल्या तीन आठवड्यांत कपाळावरचा चष्मा घरभर शोधून झाला होता, गॅस बंद केला की नाही ते पाहायला अर्ध्या रस्त्यातून दोनदा माघारी जाऊन झालं होतं. पण डोळे चोळून पाहिलं तरी खालचा खण रिकामाच. तिथं बोटभर उंचीची तपकिरी बाटली असायची, वर चिकटपट्टीवर नुसता 'सतरा' हा आकडा. आता धुळीत तिच्या बुडाचा गोल तेवढा राहिला होता.

मावशींची पाचावर धारण बसली.

सतरा नंबर हे भीतीचं औषध होतं. भीतीवरचं नव्हे, भीतीचं. माशांच्या पाण्यात चिमटीतला कण टाकला, तरी टाकीतला एकूण एक मासा तळाला जाऊन खडा व्हायचा. घाबरलेला मासा कसा दिसतो ते एकदा नीट पाहून ठेवावं म्हणून ते दोन वर्षांपूर्वी आणलं होतं. काम झालं आणि बाटली कुलपात गेली.

प्रयोगशाळेचा सगळा संसार या माशांवर चालायचा. बोटाच्या पेराएवढे झेब्रा मासे, अंगावर निळे पट्टे, आणि स्वभाव थेट माणसाचा. नव्या भांड्यात सोडलं की मासा आधी तळ गाठतो. जरा धीर आला की वर येऊन इकडंतिकडं बघतो. वर यायला त्याला किती वेळ लागला, यावरून पाण्यातल्या औषधानं त्याच्या डोक्यात काय केलं ते ताडायचं. बाकी मोठमोठे शब्द पुष्कळ होते, पण अकरा वर्षं माशांना खाऊपिऊ घालणाऱ्या मावशींच्या लेखी सगळी विद्या एवढीच होती.

"मावशी, किल्ली तुमच्याच खोलीत असते ना?" मॅडमनी विचारलं. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. आवाज कधी चढायचा नाही, तसा आजही चढला नाही.

"खिळ्याला असते, मॅडम. सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी तुमच्याकडे."

"हो. तुम्ही बाटली नेलीत असं मी म्हणत नाही." मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पण नेली नाहीत, हे तुम्हाला नक्की आठवतंय का?"

मावशींना खरोखरच नक्की सांगता येईना.

"उद्या तीन वाजता समितीची माणसं येतायत तपासणीला. तोवर सापडली तर बरं. नाहीतर मला तुमचं नाव सांगावं लागेल, आणि तुमच्या तब्येतीचंही."

२

मावशींना भीती चोरीच्या आळाची नव्हतीच. भीती आईची होती.

त्यांची आई चाळिशीच्या आत वेडी झाली होती. कुणीतरी मागं उभं आहे म्हणून ती वळून वळून पाहायची, चमचे पिठाच्या डब्यात लपवायची आणि मग चोर आला म्हणून आकांत करायची. शेवटी इस्पितळातच गेली. ते बी आपल्याही रक्तात असणार, आज ना उद्या उगवणार, हे मावशींनी लहानपणीच धरून ठेवलं होतं. लग्नानंतर त्यांनी मूल होऊ दिलं नाही ते त्याच पायी. नवऱ्याला एकदाच सगळं सांगितलं. तो टपाल खात्यातला सरळ माणूस, "तुझी इच्छा" म्हणाला आणि तो विषय पुन्हा त्यानं काढला नाही.

आणि आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते उगवलं होतं. सकाळी दहा वाजले की हात गार पडायचे, छातीत धडधड सुरू व्हायची, पाठीमागं कुणीतरी आहे असं वाटून मान आपोआप वळायची.

हे त्यांनी त्या संध्याकाळी नणंदेला सांगितलं. सांगितलं म्हणजे सांगावंच लागलं. नणंदबाई तीस वर्षं पोलिसात काढून गुडघ्यापायी घरी बसलेल्या, आणि चौकशी करायला कुणी न मिळाल्यामुळं भाऊ-भावजयीच्या घरी आठवड्यातून चारदा येणाऱ्या.

"रडून झालं?" त्या म्हणाल्या. "आता विचारते त्याची उत्तरं दे. भीती कधी वाटते?"

"दहापासून चारपर्यंत. रात्री जरा उतार पडतो."

"रोज?"

"रोजच की. म्हणजे..." मावशी थांबल्या. "रविवारी नाही. गेल्या रविवारी तर मी पडदे धुतले, गाणंसुद्धा म्हटलं. लक्षात कसं आलं नाही माझ्या!"

"वहिनी, वेडाला साप्ताहिक सुट्टी नसते," नणंदबाई म्हणाल्या. "तुला तिथं कुणीतरी काहीतरी पाजतंय."

मावशींना वाटलं होतं, असं काही ऐकलं तर हायसं वाटेल. पण अंगावर सर्रकन काटाच आला. त्या इमारतीत त्यांच्याखेरीज तीनच माणसं होती, आणि तिघांच्या हातचा चहा त्या प्यायल्या होत्या.

३

चहा सगळेच पीत, आणि बाकीच्यांना काही होत नव्हतं. मग मावशी एकट्याच घेतात असं काय? पिशवीतून तीन जिनसा निघाल्या: तिथं भरलेली पाण्याची बाटली, साखरेऐवजी चहात घालायच्या गोळ्यांची डबी आणि खोकल्याच्या वड्या.

"आता हे तपासायला कुणाकडं द्यायचं?" नणंदबाई म्हणाल्या. "समिती तर उद्या येणार."

मावशींनी खिडकीकडं पाहिलं. तिथल्या काचेच्या पेटीत सहा म्हातारे झेब्रा मासे होते, प्रयोगातून बाद झाले म्हणून मावशींनी घरी आणलेले.

"माशांकडं," त्या म्हणाल्या.

ओट्यावर चार बरण्या लागल्या. एकीत नुसतं घरचं पाणी, कारण निरोगी मासा कसा वागतो हे शेजारी दिसल्याशिवाय आजारी मासा ओळखता येत नाही. बाकी तिघींत एकेक जिन्नस. प्रत्येकीत एक मासा सोडला. चारही मासे सुळकन तळाला गेले. नणंदबाई मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून बसल्या, मावशींनी पदराचं टोक दातात धरलं.

तिसऱ्या मिनिटाला पहिला मासा वर आला. मग दुसरा. सहाव्या मिनिटाला चारही मासे वरच्या पाण्यात मजेत फिरत होते.

"यात काही नाही," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "कशातच नाही. म्हणजे ते माझ्या डोक्यातच आहे, वन्सं."

बाहेर नवरा वर्तमानपत्राची एकच घडी चौथ्यांदा घालत होता, ते दारातून दिसत होतं.

"ऊठ," नणंदबाई म्हणाल्या. "सकाळी आत पाय टाकल्यापासून काय काय करतेस ते करून दाखव. सांगू नकोस, कर. सांगताना माणूस सवयीच्या गोष्टी गाळतो."

मावशी यंत्रासारख्या उठल्या. चपला काढल्या, कोट चढवला, हात धुतले, दिवे लागल्याचं पाहिलं, बादली ओढली, समोर टाकी आहे अशा वाकल्या. डाव्या हातानं नळीचं टोक टाकीत सोडलं, उजव्या हातानं दुसरं टोक ओठांत धरलं आणि गाल आत ओढले.

"थांब!" नणंदबाई ओरडल्या. "हे आत्ता काय केलंस?"

४

मासे पाळणाऱ्या कुणालाही विचारा. टाकीच्या तळाचा गाळ काढायला नळी लागते, आणि नळीतून पाणी खाली यायला लागण्यासाठी एकदा ओढावी लागते. मॅडमनी दोन वर्षांपूर्वी त्यासाठी हातानं दाबायचा रबरी पंप आणून दिला होता आणि तोंड लावायला सक्त मनाई केली होती. मॅडम आसपास असल्या की मावशी पंप वापरत. एरवी तोंड. घोटभर पाणी पोटात जायचं, त्याचं काय एवढं? पाण्याची तब्येत यंत्रापेक्षा जिभेला लवकर कळते, असा त्यांचा दावा होता.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," नणंदबाई म्हणाल्या. "पण टाकीत औषध असतंच ना?"

"आठ वाजता नसतं. रात्रभर साधं पाणी. मी गाळ काढून पाणी बदलते, मग साडेनवाला औषध पडतं, तेही एकाच रांगेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदबाई 'वहिनींना बरं नाही, सोबत आले' म्हणून बरोबर आत गेल्या. घरचे दोन मासे डब्यात होतेच. मावशींनी पंपानं, हो, पंपानंच, निळ्या रांगेतलं पाणी एका बरणीत घेतलं आणि पिवळ्या रांगेतलं दुसरीत. तिथं दोनच रांगा होत्या, चिकटपट्टीच्या रंगावरून नावं पडलेली.

पिवळ्या बरणीतला मासा चौथ्या मिनिटाला वर आला.

निळ्या बरणीतला आलाच नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. तो तळाच्या काचेला चिकटून राहिला, कल्ले तेवढे भराभर हलत होते. मावशी वाकून त्याच्याकडं पाहत राहिल्या. तीन आठवडे त्या अशाच होत्या. निळ्या रांगेतले मासे भेदरलेत असं त्यांना रोज वाटायचं, पण घाबरलेल्या माणसाला सगळं जगच घाबरलेलं दिसतं म्हणून त्या कुणाला बोलल्या नव्हत्या.

"तुला कुणी पाजत नव्हतं," नणंदबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कुणीतरी माशांना पाजतंय. तू मध्ये तोंड घातलंस. पण का पाजतंय?"

त्याच वेळी बाहेरच्या दाराशी बोटांनी टकटक झाली, आणि मावशींच्या हातातली बरणी निसटता निसटता राहिली.

५

दारात कॅमेरावाला होता. माशांच्या हालचाली टिपून मोजणं हे त्याचं काम, आणि बिनकामाचं बोलणं हा त्याचा छंद.

"मला निळी आणि पिवळी एवढंच माहिती," तो नणंदबाईंना म्हणाला. "कुठल्या रांगेला औषध देतात ते मला मुद्दाम सांगत नाहीत. माहिती असलं की डोळा बेइमानी करतो हो. हवं तेच दिसायला लागतं."

"मग काय दिसतंय?"

"पिवळे होते तसेच आहेत. निळे मात्र तीन आठवडे झाले, नुसते तळाला. पूर्वी असे नव्हते."

"आणि आमच्या वहिनी नळी कशी ओढतात, पाहिलंयत कधी?"

तो हसला. "रोज. मी विचारतो ना, मावशी, नाश्ता झाला का?"

थिसिस म्हणजे तिथं प्रबंध लिहिणारी मुलगी. चार वर्षं तोच शब्द तिच्या तोंडी होता, तेव्हा नाव दुसरं काय पडणार! तिची नखं मुळापर्यंत कुरतडलेली होती.

"भीती कमी करायच्या औषधाचं पाणी मीच बनवते," ती म्हणाली. "पिवळ्या रांगेसाठी. निळ्याला साधं पाणी. हे फक्त मला आणि मॅडमना माहितीये."

"औषध चालतं का गं?"

"पहिले दोन महिने काहीच फरक नव्हता, काकू. दोन्ही रांगा सारख्याच. मी रडले होते. मग एकदम फरक दिसायला लागला. मॅडम म्हणाल्या, बघ, धीर धरला की होतं."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

नळीचं विचारल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "किती वेळा सांगितलं मावशींना! म्हटलं, पोटात जंत होतील."

मॅडमनी नणंदबाईंना खुर्ची दिली आणि पाणीही मागवलं. "मावशींना विश्रांतीची गरज आहे," त्या म्हणाल्या. "त्यांच्या आईचं मला माहिती आहे. त्यांना कुणी कामावर घेत नव्हतं तेव्हा मी घेतलं. आजही मला त्यांचं वाईट व्हायला नकोय. कर नाही त्याला डर कशाला?"

"खरंय. बरं, तुम्हाला विचारीन म्हणते, ही टाकी साफ कशी करतात हो? घरी मोठी पेटी घ्यावी असं मनात आहे."

"रबरी पंपानं. सोपं असतं. मावशी दाखवतील तुम्हाला, त्या तोच वापरतात."

नणंदबाई बाहेर आल्या. मावशींना त्यांनी पंप-नळ्यांच्या खोलीत ओढलं आणि दार लावलं.

"औषध चालत नाही, वहिनी. पिवळे मासे आहेत तिथंच आहेत. मग औषध चालतं असं दाखवायचं कसं? साध्या पाण्यातल्यांनाच घाबरवून सोडायचं, म्हणजे औषधवाले आपोआप शूर दिसतात. त्यासाठी साधी रांग कुठली ते ठाऊक हवं. कॅमेरावाल्याला ठाऊक नाही. राहिल्या दोघी. आणि तू नळीला तोंड लावतेस हे माहीत असतं, तर तू आजारी पडताच त्या माणसाच्या लक्षात आलं असतं आणि त्यानं औषध टाकणं थांबवलं असतं. माणूस मारायची हिंमत असलेलं मला इथं कुणी दिसत नाही. तुझी सवय फक्त एकीला माहीत नाही."

"नाही," मावशी म्हणाल्या. "मॅडम नाहीत."

"वहिनी..."

"त्यांनी मला उभं केलंय, वन्सं. तुमचा तर्क मला नको. मला माशांकडून ऐकायचंय."

६

मासे बोलत नाहीत, पण शिकतात, आणि विसरत नाहीत. हे मावशींइतकं त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

मोठे दिवे सकाळी आठला आपोआप लागतात. त्याआधी कुणी लावत नाही, कारण माशांचं दिवस-रात्रीचं घड्याळ बिघडलं की महिन्याभराचं काम पाण्यात. हा नियम तिथल्या माणसांच्या इतका हाडीमाशी खिळलेला होता, की चोरी करायला आलेला माणूसही मोठा दिवा लावणार नाही. म्हणजे तो अंधारात आला, आणि स्वतःचा लहान दिवा घेऊन आला. तीन आठवडे, रोज. आधी तो उजेड, मग ती भीती. निळ्या रांगेनं तो उजेड पाठ केलेला असणार.

दुपारचे दोन वाजले, समिती यायला तासभर होता. मावशींनी तिघांनाही माशांच्या खोलीबाहेर बोलावलं. "बाटलीचं कळेल," एवढंच म्हणाल्या. मोठे दिवे बंद केले. कॅमेरावाल्याचा कॅमेरा अंधारातही पाही, त्याचा पडदा बाहेर टेबलावर होता. सकाळीच सगळं पाणी बदलल्यानं निळेही आता सावरले होते; पडद्यावर दोन्ही रांगांतले मासे करड्या ठिपक्यांसारखे सावकाश हलत होते.

"एकेकानं आपापला दिवा घेऊन आत जायचं, दोन्ही रांगांपुढं जरा थांबायचं आणि यायचं," मावशी म्हणाल्या. आताही त्या भ्यायल्या होत्या, पण हे भय आजवरच्या भयापेक्षा निराळं होतं. याचं कारण त्यांना माहीत होतं.

कॅमेरावाला त्याचा लाल दिवा घेऊन गेला. ठिपके होते तिथंच राहिले.

थिसिस मोबाइलचा उजेड करून गेली. दोन्ही रांगांतले मासे वर आले. खाणं आलं असं वाटलं असावं.

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. त्या पडद्याकडं पाहत होत्या. बारा वर्षं त्यांनी माशांच्या शिकण्यावर काम केलं होतं, आपल्याला कशात उभं केलंय हे इतर कुणाच्या आधी त्यांना समजलं. मग त्यांनी पर्समधून मोबाइल काढला.

"मॅडम," मावशी म्हणाल्या, "तुम्ही मोबाइलचा उजेड कधी वापरत नाही. डोळ्यांना लागतो म्हणता. तुमच्या किल्ल्यांना तो हिरवा दिवा आहे ना?"

"तो बिघडलाय."

"बघू द्या मला."

मावशींनी हात पुढं केला. अकरा वर्षांत त्यांनी मॅडमपुढं हात कधी केला नव्हता. मॅडमनी किल्ल्या दिल्या. मावशी स्वतः आत गेल्या, पिवळ्या रांगेपुढं उभ्या राहिल्या आणि बटण दाबलं. हिरवट उजेडाचा लहानसा गोळा काचेवर पडला. मासे निवांत. मनात त्या एकच घोकत होत्या: निळेही असेच राहू देत. माझं वेड खरं ठरू दे हवं तर, पण हे नको.

त्या निळ्या रांगेकडं वळल्या.

उजेड काचेला लागताच मासे एकदम खाली गेले. सगळे. एका टाकीतले, दुसरीतले, शेवटच्या टाकीतलेसुद्धा. बाहेर थिसिसच्या तोंडून निघालेली बारीक किंकाळी मावशींना भिंतीपलीकडून ऐकू आली.

७

"तोंडानं?" मॅडमचा पहिला शब्द हा होता. नणंदबाईंनी नळीचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "रोज? किती जायचं पोटात? मावशी, मी पंप दिला होता तुम्हाला! मला खरंच माहीत नव्हतं."

"त्यांचं बिनसलेलं तर दिसत होतं," नणंदबाई म्हणाल्या.

"वाटलं, आईसारखंच..."

"आणि ते तुम्हाला बरंच पडलं. तपासणीला अर्धी बाटली दिसली असती तर प्रश्न आले असते. हरवलेल्या बाटलीचा आळ घ्यायला माणूस तयारच होतं."

मॅडम मावशींकडं वळून म्हणाल्या, "औषध चांगलं आहे हो. साधे मासे पुरेसे घाबरत नव्हते, एवढंच." त्यांच्या बोलण्यात कसलाही कावा नव्हता, आणि तेच ऐकायला भयंकर वाटलं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. बाईंनी नेमकं तेच केलं होतं, आणि स्वतःला कळू न देता केलं होतं.

तीन वाजता समितीची माणसं आली. बाटली मॅडमनी स्वतःच टेबलावर ठेवली.

मावशींना डॉक्टरकडं नेलं. त्यांनी रक्त घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली, चार दिवसांत सगळं निघून जाईल म्हणाले. बाहेरच्या बाकावर दोघी टपालातून सुटून येणाऱ्या नवऱ्याची वाट पाहत बसल्या. ऊन उतरलं होतं. मावशींच्या मागून माणसं जात होती आणि त्यांची मान वळत नव्हती.

नणंदबाईंना गप्प बसवेना. "वहिनी, तुझी आई काय करायची गं?"

"वेडी होती. सांगितलंय की."

"ते ऐकलं. काम काय करायची?"

"फुग्यांच्या कारखान्यात होती. रबराचे फुगे एका उग्र वासाच्या पाण्यात बुडवून काढायचे, म्हणजे पक्के व्हायचे. दिवसभर हंड्यावर वाकून उभी. घरी आली की केसांनाही तो वास यायचा."

"आणि इस्पितळात कितीदा ठेवलं?"

"तीनदा. शेवटची खेप सोडली तर दर वेळी दोन-तीन महिन्यांत छान सुधारायची. आम्हाला ओळखायची, माझी वेणी घालायची. डॉक्टर म्हणायचे, आता न्या घरी. मग घरी यायची, पंधरा दिवसांनी कामावर जायला लागायची, आणि पुन्हा..."

मावशींना एकदम तो हंडा आठवला.

नणंदबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. "हे आता सिद्ध करता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "आई नाही, कारखाना नाही. उगाच काही धरून बसू नकोस."

पण मावशींनी धरलं होतं. चाळीस वर्षं एक गोष्ट धरून त्या जगल्या होत्या, आता ही दुसरी आली होती, आणि या गोष्टीला चार दिवसांत उतार पडणार नव्हता. ज्या रक्ताला भिऊन त्यांनी पाळणा हलू दिला नाही, त्या रक्तात बहुधा काहीच नव्हतं.

नवरा घाईघाईनं चालत आला, कपाळावर घाम, हातात पिशवी. दोघींचे चेहरे पाहून तो दचकला. "काय झालं? डॉक्टर काय म्हणाले?"

"काही नाही रे, विष होतं, निघून जाईल," नणंदबाई म्हणाल्या. "डोकं शाबूत आहे तुझ्या बायकोचं."

त्यानं इतका मोठा श्वास सोडला, की शेजारचा माणूस वळून पाहायला लागला. मग बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहताना पाहून तो गोंधळला आणि तिच्यापुढं उकिडवा बसला.

"अगं, आता कशाला रडतेस? ऐकलंस ना? तू ठणठणीत आहेस."

"हो," मावशी म्हणाल्या. "मी ठणठणीतच होते."